गोळी, भिंत आणि धुराची गाडी

‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा.’ महाराष्ट्रात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला ही ओळ पाठ करावी लागत नाही, ती होऊन जाते. शाळेची भिंत, ग्रामपंचायतीची भिंत, एसटी स्टँडमागची भिंत, प्राथमिक आरोग्य केंद्राचं कुंपण; जिथे म्हणून सरकारी रंगाऱ्याचा ब्रश पोचला तिथे ती आहे. यमक जुळतं, शब्द पाचच, आणि बहुतेक वेळा शेजारी एक गुबगुबीत मासाही काढलेला असतो.

आता हीच ओळ जरा निरखून वाचा. तिच्यात मासा आहे, ताप आहे आणि डास नाही. गप्पी मासा पाण्यातल्या डासांच्या अळ्या खातो. एखादी अळी वाचली, तर आठवड्या-दीड आठवड्यात तिचा डास होतो. तो ॲनोफिलिस जातीचा असला, मादी असली आणि ती हिवतापाच्या रुग्णाला चावली, तर त्याच्या रक्तातून आलेले जंतू तिच्या पोटात वाढून लाळेत उतरायला साधारण दहा ते चौदा दिवस घेतात. तोवर ती जगली आणि दुसऱ्या कुणाला चावली, तर त्या माणसाला आणखी दहा-पंधरा दिवसांनी थंडी वाजून ताप येतो. माशापासून तापापर्यंतचा हा महिनाभराचा प्रवास भिंतीवर मावत नाही. म्हणून रंगाऱ्याने दोन टोकं ठेवली आणि मधलं सगळं गाळलं. त्यात त्याची चूक नाही. भिंतीला तेवढंच झेपतं.

पण वाचणाऱ्याच्या डोक्यात जे उतरतं तेही तेवढंच. गडचिरोलीत भामरागड-एटापल्लीकडे हिवताप पसरवणाऱ्या डासांपैकी ॲनोफिलिस फ्लुव्हिएटिलिस हा डास जंगलातल्या संथ वाहत्या ओढ्यांच्या कडेला अंडी घालतो. ॲनोफिलिस क्युलिसिफेसीस हा दुसरा डास भातखाचरांत, नदीपात्रात उरलेल्या डबक्यांत. वाहत्या ओढ्यात सोडलेला गप्पी मासा पहिल्या पुराबरोबर पुढच्या गावाला जातो. विहीर, हौद, टाकं अशा ठिकाणी उत्तम चालणारा उपाय तिथे फारसा कामाचा नाही. घोषणा मात्र लातूरच्या भिंतीवर जी, तीच भामरागडच्या.

हिवतापाबद्दल लोकांना काय माहीत आहे, हे तपासायला निघालेली माणसं सहसा एकच प्रश्न विचारतात: माहिती पोचली की नाही? मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न. कशातून पोचली? कारण पोस्टमन, भिंत, रेडिओ, दारावर आलेला आरोग्यसेवक, सुई टोचणारा डॉक्टर, यांतला प्रत्येक जण निरोपाला आपल्या मापाचं करून पुढे धाडतो. माणसाजवळ शेवटी राहतं ते त्या मापाचं ज्ञान.

याचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात स्पष्ट उदाहरण बंगालमधलं आहे. १८९२ पासून तिथल्या पोस्ट ऑफिसांत क्विनीन विकायला सुरुवात झाली. पुडी एका पैशाला. कल्पना चोख होती: दवाखाना दहा-वीस मैलांवर, पण टपाल कचेरी जवळ, आणि पोस्टमास्तरावर लोकांचा विश्वास. सिंकोनाच्या सालीतून काढलेलं कडूजहर औषध अशा रीतीने खेड्यापाड्यांत गेलं आणि तापावर क्विनीन हे समीकरण लोकांच्या मनात पक्कं बसलं. अडचण पुडीत होती. एका पैशात बसेल एवढंच क्विनीन तिच्यात भरलेलं असे, पाच ते सात ग्रेन. आजच्या मापात सव्वातीनशे ते साडेचारशे मिलिग्रॅम. क्विनीनने हिवताप बरा करायचा तर मोठ्या माणसाला दिवसातून तीनदा सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास आणि तेही आठवडाभर द्यावं लागतं. म्हणजे अख्खी पुडी एका वेळच्या मात्रेलाही पुरत नव्हती. घेणारा एक पुडी घेई, ताप थोडा उतरे, माणूस शेतावर जाई. औषध किती घ्यायचं हे वैद्यकाने नव्हे, नाण्याने ठरवलं. आणि ‘ताप उतरला की औषध संपलं’ हा धडा लोक जो शिकले, तो आजतागायत विसरलेले नाहीत.

रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले ते २० ऑगस्ट १८९७ रोजी. म्हणजे पोस्टात क्विनीन मिळू लागलं तेव्हा ताप कशातून पसरतो हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. उपचार आधी पोचला, कारण मागाहून. हा उलटा क्रमही पुढे फार काळ राहिला: गोळीवर विश्वास, डासाबद्दल शंका.

ही शंका मुंबईत कशी उफाळून आली ते पाहण्यासारखं आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शहरात, विशेषतः फोर्ट भागात, हिवताप फार वाढला. चार्ल्स बेंटली या मलेरियातज्ज्ञाने गल्लोगल्ली पाहणी केली. १९११ च्या त्याच्या अहवालाने बोट ठेवलं ते गटारांवर नाही, तर घरोघरच्या विहिरींवर. ॲनोफिलिस स्टीफेन्सी हा शहरी डास त्या विहिरींच्या स्वच्छ पाण्यात वाढत होता. विहारचं नळाचं पाणी १८६० मध्येच शहरात आलेलं होतं, तरी विहिरी राहिल्या होत्या आणि त्या धर्मकार्याला लागत होत्या. पालिकेने त्या बुजवा, निदान झाका, म्हणून नोटिसा धाडल्या आणि विरोध उसळला. पारशांचं म्हणणं, अग्यारीतल्या विधींना उघड्या विहिरीचं, सूर्यकिरण पडलेलं पाणी लागतं. हिंदूंचेही असेच आक्षेप होते. जैनांना जीवहत्या नको होती. अखेर काही विहिरींवर बारीक जाळीचं झाकण आणि त्यात उघडझाप करणारी छोटी दारं, अशी तडजोड निघाली.

यात लोक अडाणी होते असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. फोर्टातला पारशी गृहस्थ त्या काळच्या हिंदुस्थानातल्या सर्वांत शिकलेल्या माणसांपैकी. त्याला खटकलं ते वेगळंच. आजवर सगळं आरोग्यशास्त्र त्याला सांगत आलं होतं की रोग घाणीतून येतो, आणि आता पालिका म्हणते आहे की तो तुझ्या पवित्र, नितळ, सोन्यासारख्या पाण्यातून येतो. आणि हे सांगायला आलं कोण, तर नोटीस. कायद्याचा कागद हा संवादाचा मार्ग असतोच, पण त्यातून ऐकणाऱ्याला पहिल्यांदा कळते ती धमकी. कारण शेवटच्या ओळीत, बारीक टाइपात.

मुंबईचा माणूस आजही तेच कोडं सोडवत बसलेला आहे. हिवताप कशाने होतो विचारलं तर उत्तर ठरलेलं: घाण, गटार, कचरा. गटाराच्या घाण पाण्यात वाढतो तो मुख्यतः क्युलेक्स डास आणि त्याच्याशी नातं आहे हत्तीपायाचं. स्टीफेन्सी बसलेला असतो गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत, झाकण अर्धवट सरकलेलं असतं तिथे. किंवा नव्या टॉवरच्या स्लॅबवर क्युरिंगसाठी साठवलेल्या पाण्यात, लिफ्टच्या खड्ड्यात. २०१० मध्ये शहरात हिवतापाचे ७६ हजारांहून अधिक रुग्ण झाले आणि १४५ माणसं दगावली, तेव्हा बांधकामं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. बातम्यांसोबत फोटो मात्र छापून आले ते तुंबलेल्या नाल्यांचे. छायाचित्रकारालाही दोष देता येत नाही. झाकलेल्या टाकीतली अळी फोटोत काय दिसणार?

दिसणं ही मोठी ताकद आहे, आणि हिवतापाच्या बाबतीत ती सगळ्यात जास्त कुणाकडे असेल तर धुराच्या गाडीकडे. संध्याकाळी कॉलनीत घरघर आवाज येतो, पांढऱ्या धुराचे लोट उठतात, पोरं मागे धावतात, बायका खिडक्या लावून घेतात. शेवटची गोष्ट ध्यानात घ्या. डास खोलीत पडद्यामागे, पलंगाखाली बसलेला, खिडकी बंद, धूर रस्त्यावर. धूरफवारणीने हवेत उडणारे प्रौढ डास तेवढ्यापुरते मरतात, टाकीतल्या अळीला त्याचा पत्ताही नसतो, आणि दोन-चार दिवसांत नवी पिढी हजर होते. साथ भडकलेली असताना धुराचा उपयोग आहे, एरवी फार थोडा. आरोग्य विभागाला हे पुरतं ठाऊक असतं. तरीही नगरसेवकाला फोन जातो तो ‘गाडी पाठवा’ म्हणून, ‘आमच्या टाकीचं झाकण तपासा’ म्हणून कुणी फोन केलेला मी तरी ऐकलेला नाही. गाडी आली की काहीतरी झालं असं वाटतं. पालिकेचा कीटकनाशक विभागाचा माणूस शिडी लावून टाकी तपासायला आला, तर वॉचमन त्याला सोसायटीच्या सेक्रेटरीची परवानगी आणायला सांगतो. हजार पत्रकांनी जे शिकवलं, ते धुराची गाडी एका संध्याकाळी पुसून टाकते, आणि ही गाडीही सरकारचीच.

गावाकडे सरकार दारात आलं ते डीडीटीच्या पंपासोबत. डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ च्या सुमारास तेव्हाच्या मुंबई प्रांतातल्या धारवाड आणि उत्तर कानडा जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून हिवताप खाली आणता येतो हे दाखवून दिलं. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आला आणि १९५८ मध्ये त्याचं रूपांतर निर्मूलन कार्यक्रमात झालं. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९६५ साली रुग्णांची नोंद लाखाच्या आसपास आली. इतकं मोठं यश दुसऱ्या कुठल्या सरकारी योजनेला क्वचितच लाभलं असेल.

पण लोकांनी फवारणीला दार उघडलं ते हिवतापासाठी नाही, ढेकणांसाठी. पहिल्या एक-दोन फवारण्यांत घरातले ढेकूण पटापट मेले आणि लोक खूश झाले. काही वर्षांत ढेकूण डीडीटीला दाद देईनासे झाले, तेव्हा गावाने निष्कर्ष काढला की औषधात आता दम राहिलेला नाही. डासांचं काय झालं हे कोण मोजत बसणार? ढेकूण डोळ्यांसमोर होते. फवारणीवाल्यांना दारातून परत पाठवणं सुरू झालं. दुसरी भानगड सारवणाची. डीडीटी काम करतं ते भिंतीवर बसून राहून. डास येऊन भिंतीवर टेकला की मरतो. तेव्हा फवारल्यावर दोन-अडीच महिने भिंत लिंपू नका, असं सांगणं होतं. पोळा, दसरा, दिवाळी नेमकी फवारणीच्या मागोमाग येतात, आणि कुठली बाई सणाला भिंतीवर पांढरे डाग ठेवील? शेणामातीचा एक हात फिरला की अख्खी फवारणी गाडली जाई. सूचना पुरुषाला दिलेली असे, सारवायचं काम बाईचं. पंपवाला दुपारी येई तेव्हा ती रानात असे.

फवारणीच्या मागोमाग पाळतीवरचा कर्मचारी. दर पंधरा दिवसांनी तो घरोघर जाई, कुणाला ताप आहे का विचारी, असला तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेई, क्लोरोक्विनच्या गोळ्या तिथल्या तिथे खाऊ घाली आणि दाराशेजारी भिंतीवर तारीख टाकून पुढच्या घरी जाई. जुन्या घरांच्या दारांवर अशा तारखांच्या उतरंडी असत. या गोळ्यांना खात्याच्या भाषेत ‘गृहीतोपचार’ म्हणत: हिवताप असेल असं गृहीत धरून दिलेलं औषध. काचपट्टी तालुक्याला जाई, तिथे ढिगात पडे, आणि निकाल यायला कधी पंधरा दिवस लागत, कधी महिना. दोषी निघालेल्याला मग ‘समूळ उपचार’ द्यायचा. तोवर त्याचा ताप उतरलेला असे आणि तो ऊसतोडीला नाहीतर मुंबईला गेलेला असे.

या पद्धतीने लोकांना काय शिकवलं? ताप आला की चार गोळ्या खायच्या. रक्त घेतात ते सरकारला पाहिजे म्हणून, त्यातून आपल्याला काही कळत नसतं. हे धडे कुठल्याही पत्रकात छापलेले नव्हते, पण वर्षानुवर्षं दर पंधरवड्याला दारात गिरवले गेले. पुढे धोरण बदललं. तपासणीशिवाय औषध नको, फाल्सिपेरम जातीच्या हिवतापाला क्लोरोक्विन नको, असं डॉक्टर सांगू लागले. आसामच्या कार्बी आंगलाँग भागात क्लोरोक्विनला न जुमानणारे जंतू १९७३ मध्येच सापडलेले होते. पण ‘मलेरियाच्या गोळ्या द्या हो’ म्हणत मेडिकलच्या दुकानात उभा राहणारा म्हातारा सरकारनेच घडवलेला होता. त्याला आता उलट शिकवायचं तर ते भिंतीवरच्या नव्या घोषणेने कसं होणार?

१९६५ नंतरची घसरण सगळ्यांना माहीत आहे. १९७६ साली देशात ६४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले. डास डीडीटीला सरावले, औषधांचा तुटवडा पडला, शहरांकडे दुर्लक्ष झालं, ही कारणं प्रत्येक पुस्तकात सापडतात. त्यांत मी एक जोडीन. रोग कमी झाला तसा दारात येणारा माणूसही येईनासा झाला, आणि त्या दहा वर्षांत जन्मलेल्या मुलांच्या आयांना हिवताप कसा ओळखायचा हे सांगणारं घरात कुणी उरलं नाही.

नुसतं सांगणं आणि सांगून बोलणं यांतला फरक महाराष्ट्रात फार आधी मोजला गेलेला आहे. हिवतापासाठी नव्हे, पण इथे तो चपखल लागू पडतो. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत ग्रामीण श्रोतृमंडळं चालवली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम, दहा आठवडे. दहा-वीस जण एकत्र बसून ऐकायचे, मग त्यावर चर्चा करायची, आणि शंका पत्राने आकाशवाणीला कळवायच्या. टाटा समाजविज्ञान संस्थेने, पॉल नॉयराथ या समाजशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली, या गावांची तुलना केली रेडिओ होता पण मंडळ नव्हतं अशा गावांशी, आणि रेडिओच नव्हता अशा गावांशी. मंडळाच्या गावांत ज्ञान लक्षणीय वाढलं. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ थोडी होती. म्हणजे रेडिओने जे आणलं, ते गावाच्या अंगी लागलं ते चावडीवरच्या वादावादीतून. निष्कर्ष छापला गेला, नावाजला गेला.

याच्या अगदी उलट टोकाला आहे लष्कर. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांपेक्षा हिवतापाने जास्त सैनिक लोळवले. रोज मेपाक्रिनची गोळी खा, असा हुकूम होता. गोळी कडू, तिने कातडी पिवळी पडे, आणि तिने पुरुषत्व जातं अशी अफवा पसरली. अफवेला पत्रकाने उत्तर देता येत नाही हे सेनापती विल्यम स्लिम यांनी ओळखलं. त्यांनी अचानक रक्ततपासण्या लावल्या आणि पंचाण्णव टक्क्यांपेक्षा कमी सैनिकांच्या रक्तात औषध सापडलं, तर त्या तुकडीच्या अधिकाऱ्यालाच घरी पाठवलं. तीन अधिकारी गेले, बाकीच्यांना अर्थ समजला, असं त्यांनी आठवणींत लिहिलं आहे. सैनिकांची समजूत पटली का? बहुधा नाही. गोळी पोटात गेली एवढं खरं. गावावर हा इलाज चालत नाही, आणि चालू नये.

गावात आज जी आहे ती आशाताई. २००५ पासून ती येऊ लागली आणि थोड्याच वर्षांत तिच्या हाती जलद निदानाचं किट आलं. मला हे किट आतापर्यंतच्या सगळ्या साधनांत सगळ्यात बोलकं वाटतं, ते त्यातल्या रसायनामुळे नाही. ताई बोटाला टोचते, रक्ताचा एक बारीक थेंब पट्टीच्या खळग्यात सोडते, दुसऱ्या खळग्यात द्रावणाचे थेंब टाकते आणि थांबते. पंधरा-वीस मिनिटं थांबावंच लागतं. या वेळात तिला जाता येत नाही आणि रुग्णाला उठता येत नाही. आधी एक रेघ उमटते, पट्टी चांगली असल्याची. दुसरी उमटते का, कुठे उमटते, इकडे सगळं घर डोळे लावून बसतं. फाल्सिपेरमची रेघ वेगळी, व्हायवॅक्सची वेगळी. पूर्वी महिन्याने कागदावर येणारा निकाल आता पेशंटच्या आईला ताईच्या बरोबरीने, त्याच क्षणी दिसतो. मच्छरदाणी कुठे आहे, ती का लावत नाही, रात्री शेतावर राखणीला कोण जातं, हे सगळं त्या वीस मिनिटांत निघतं. ‘उकडतं गं ताई, त्यात जीव घुसमटतो,’ हे वाक्य पाहणीच्या कुठल्याही फॉर्मवर येत नाही. इथे येतं.

औषधाची पाकिटंही बोलतात. फाल्सिपेरमवरच्या तीन दिवसांच्या गोळ्या वयानुसार रंगीत पाकिटांत दिल्या गेल्या: तान्ह्याला गुलाबी, एक ते चार वर्षांना पिवळं, पुढे हिरवं, मग लाल, आणि पंधरा वर्षांवरच्यांना पांढरं. वाचता न येणाऱ्या घरातही लाल पाकीट तीन वर्षांच्या पोराला द्यायचं नाही एवढं समजतं. गोंडी-माडिया बोलणाऱ्या घरात मराठी पत्रकापेक्षा हा रंग कितीतरी जास्त सांगतो.

घोडं अडतं ते व्हायवॅक्सच्या हिवतापात. त्याचे काही जंतू यकृतात दडून राहतात आणि आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा बाहेर पडतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यायचं. ते तान्ह्या बाळाला नाही, गरोदर बाईला नाही, आणि रक्तात जी-सिक्स-पीडी या द्रव्याची कमतरता असणाऱ्यालाही नाही. ताप मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच गेलेला असतो.

‘मामा, गोळ्या घेताय ना?’
‘घेतोय की.’
‘आज कितवा दिवस?’
‘आता बरं वाटतंय ना पोरी, मग कशाला उगाच?’

अंगात ताप नसताना औषध घ्यायचं, दिसत नाही अशा जंतूंसाठी, दोन महिन्यांनंतरच्या तापासाठी. इतकी अमूर्त गोष्ट फक्त रोज दारात येणारं ओळखीचं माणूसच पटवू शकतं. आशाताईला तपासणीमागे पंधरा रुपये आणि रुग्णाचा पूर्ण उपचार झाला की पंच्याहत्तर रुपये मिळतात, असा दर बरीच वर्षं होता. चौदा दिवसांच्या फेऱ्यांना हिशेबात वेगळी जागा नाही. मामांनी गोळ्या अर्ध्यावर सोडल्या आणि ताप परतला, की गावात बोललं जातं ते ‘सरकारी औषध लागू पडत नाही’. आणखी एक गोम किटमध्येच आहे. फाल्सिपेरम बरा झाल्यावरही ही पट्टी काही आठवडे दोषी दाखवू शकते, कारण ती मेलेल्या जंतूंनी मागे ठेवलेलं प्रथिन ओळखते. हे ज्याला कुणी सांगितलेलं नसतं तो बरा झालेला माणूस पुन्हा औषध मागतो, किंवा पुजाऱ्याकडे जातो.

पुजाऱ्याला हिणवून काही मिळत नाही. ताप आला की आधी त्याच्याकडे जाणं ही भामरागडच्या बाजूला कित्येक घरांची रीत आहे. तो जवळ राहतो, रात्री उठतो, त्याची भाषा घरची असते. फाल्सिपेरमच्या तापात लहान मूल एका दिवसात बेशुद्ध होऊ शकतं, तेव्हा प्रश्न पुजारी की डॉक्टर असा नसून, मूल पुजाऱ्याच्या अंगणात असताना किट तिथे पोचतं की नाही, एवढाच असतो. शहरातल्या खाजगी दवाखान्यात तरी वेगळं काय घडतं? ताप म्हटला की सलाइन, एक इंजेक्शन, आणि कागदावर ‘मलेरिया आणि टायफॉइड’ असं जोडनाव. सुई मारली म्हणजे उपचार झाला, गोळी म्हणजे किरकोळ काहीतरी, हे ज्ञान कुठल्या सरकारी भिंतीवरून आलेलं नाही. ते दवाखान्यातून आलेलं आहे.

गेल्या वीस वर्षांत आणखी एक गुंता झाला. डेंग्यूच्या बातम्या इतक्या मोठ्या आल्या की हिवताप त्यांत विरघळला. आता तापाचा रुग्ण आला की नातेवाईक विचारतात ते ‘प्लेटलेट किती?’ हिवतापातही प्लेटलेट उतरतात, म्हणून आकडा पाहून डेंग्यू ठरतो, मोबाइलवर पपईच्या पानांचा रस येतो, आणि काचपट्टीवर रक्त पाहायचं राहून जातं. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, हिवतापाचा रात्री. पण पोस्टरवर दोघांचं चित्र एकच. मच्छरदाणीचं महत्त्व रात्री झोपताना आहे हे तिथे कसं कळावं?

माहितीच्या या वाटा माणसाला कुठवर नेतात, आणि कुठे सोडतात, हे पाहायचं तर श्रीलंकेकडे जावं. १९६३ साली त्या देशात हिवतापाचे अवघे सतरा रुग्ण नोंदले गेले. फवारणी थांबली, पाळत सैल झाली, आणि १९६९ साली पाच लाखांहून जास्त लोक आजारी पडले. दुसऱ्यांदा त्यांनी चिवटपणे काम केलं. शेवटचा स्थानिक रुग्ण २०१२ चा, आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश हिवतापमुक्त ठरवला. डास अजून आहेतच. भारतातही २०१५ ते २०२३ या काळात रुग्णसंख्या पावणेबारा लाखांवरून सव्वादोन लाखांवर आली आहे, आणि २०३० पर्यंत निर्मूलनाचं लक्ष्य आहे. म्हणजे श्रीलंकेची आजची अडचण उद्या आपल्या कित्येक जिल्ह्यांची असणार: हिवताप कधी पाहिलाच नाही अशा माणसाला आणि अशा डॉक्टरला त्याची आठवण कशी द्यायची. तिथल्या हिवतापविरोधी मोहिमेने सगळ्यांना सगळं सांगणं सोडून दिलं आणि नेमकी माणसं शोधली. मादागास्करला रत्नं आणायला जाणारे व्यापारी, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आफ्रिकेत जाणारे सैनिक, आणि बुद्धगया-सारनाथच्या यात्रेला निघालेले भाविक. यांना निघण्याआधी हिवताप न होण्याच्या गोळ्या फुकट मिळतात, आणि परतल्यावर ताप आला तर डॉक्टरला कुठे जाऊन आलो ते आधी सांगा, अशी ताकीद. त्या यात्रेकरूंच्या यादीत हिवतापाचा देश म्हणून नाव आहे ते आपलं.